ऐन वैशाखातली सेंद्रिय भाजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुरंदर तालुक्यात आमचं दोन एकरांचं भाजीपाल्याचं रान आहे. जमीन मुरमाड, पाणी विहिरीचं, आणि माल दर आठवड्याला टोपलीतून थेट पुण्यातल्या घरांत जातो. होळी झाली की प्रश्न वाढतात आणि मृगापर्यंत थांबत नाहीत. काही टोपली घेणाऱ्यांचे असतात, काही गच्चीवर किंवा गावाकडच्या तुकड्यात भाजी लावणाऱ्यांचे. सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. उन्हाळ्यात तुमच्या टोपलीत काय काय येतं?

भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, काकडी, दोडका, घोसाळी, दुधी, कारली, पडवळ, तांबडा भोपळा, वांगी, हिरवी मिरची. पालेभाज्यांत तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, चिवळ आणि घोळ. पाण्याच्या दांडाला लावलेला अळू आणि पुदिना. शेवग्याच्या शेंगा मार्च-एप्रिलात भरपूर असतात, मे सरता सरता संपतात. रब्बीचा कांदा-लसूण वाळवून ठेवलेला असतोच, आणि बांधावरच्या आंब्याने दिल्या तर कैऱ्या.

फ्लॉवर, कोबी, गाजर, बीट, मुळा, मटार यांतलं काहीही नसतं. पुरंदरचा वाटाणा नावाजलेला खरा, पण तो पावसाळ्यात आणि थंडीत. वैशाखात आमच्याकडे वाटाणा दिसला, तर तो आमच्या रानातला नाही हे नक्की समजा.

२. बाजारात मे महिन्यातही कोथिंबीर, मेथी, पालक मिळतो. मग तुम्हालाच का जमत नाही?

जमतं, पण थोडं. या तिन्ही भाज्या मुळात थंडीच्या. धने उगवायला वीस अंशांच्या आसपासची माती मानवते. मे महिन्यात आमच्या वाफ्याची वरची माती दुपारी हाताला चटका देते. तशात उगवण विरळ होते, आणि जे उगवतं ते पानं धरण्याआधीच दांडा काढून फुलावर येतं. दिवस मोठा, ऊन कडक, त्यामुळे झाडाला बी धरायची घाई होते. पालकाचंही तेच. मेथी तेवढ्या काळात कडूजार आणि चिवट होते.

शेडनेटखाली, रोज दोनदा पाणी देऊन आम्ही कोथिंबिरीचे दोन-तीन वाफे घेतो. तेवढ्यातून प्रत्येक टोपलीला एक लहान जुडी निघते. त्याहून जास्त पाणी कोथिंबिरीला द्यायचं म्हणजे भेंडीच्या तोंडचं काढून द्यायचं. ते आम्ही करत नाही. त्याऐवजी तांदुळजा खा असं मी मनापासून सांगेन. ऐन उन्हात दर तीन-चार आठवड्यांनी कापणीला येणारी दुसरी पालेभाजी आमच्याकडे नाही, आणि लसूण-मिरचीच्या फोडणीवर परतलेला कोवळा तांदुळजा भाकरीबरोबर फार चांगला लागतो.

३. टोमॅटो कमी का झाले? आणि देठाजवळ पिवळेच का राहतात?

दिवसा पारा ३५ अंशांच्या वर आणि रात्रीचाही २२-२३ च्या खाली येईना, की टोमॅटोच्या परागाची ताकद जाते. फूल दिसतं, पण फळ न धरता देठापासून गळतं. एप्रिलमध्ये गळलेल्या फुलांचा तुटवडा मे महिन्याच्या टोपलीत दिसतो.

पिवळेपणाचं कारण वेगळं. टोमॅटोला लाल करणारं लायकोपीन साधारण ३० ते ३२ अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळं-नारिंगी रंगद्रव्य मात्र होत राहतं. उन्हाकडे असलेला देठाजवळचा भाग जास्त तापतो म्हणून तो पिवळा. असा टोमॅटो खायला निर्धोक आहे. घरात सावलीत दोन दिवस ठेवला की थोडा रंग धरतो. फळाच्या बुडाला काळपट, खोलगट डाग असेल तर ती पाण्याच्या अनियमितपणाची खूण आहे. पाणी एक दिवस खूप आणि तीन दिवस नाही असं झालं की कॅल्शियम फळाच्या टोकापर्यंत पोचत नाही. पाण्याबद्दल प्रश्न ६ पाहा.

४. काकडी कडू निघाली. दुधीही थोडा कडवट होता. खाल्ला तर चालतो का?

काकडी आणि दुधी यांचं उत्तर एकच नाही, म्हणून हे नीट वाचा.

वेलवर्गीय भाज्यांत कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किडी-जनावरांपासून बचाव व्हावा म्हणून वेल ती तयार करतो. लागवडीच्या जातींत ती अगदी कमी असतात, पण उष्णतेचा आणि पाण्याचा ताण बसला की वाढतात. काकडीत कडूपणा बहुधा देठाकडच्या इंचभर भागात आणि सालीखाली असतो. देठ कापून, साल काढून चाखून पाहा. गोड लागली तर खा. टोकं चोळून फेस काढल्याने कडूपणा जातो असं घरोघरी मानतात. त्याने काही साधत नाही. गोडी येते ती देठाकडचा तुकडा कापून टाकल्याने.

दुधीचं मात्र अजिबात चालवून घेऊ नका. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत, आणि भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस पिऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. शिजवल्याने हा कडूपणा जात नाही. दुधी चिरला की आधी एक कच्चा तुकडा जिभेच्या टोकाला लावा. कडू लागला तर थुंका, चूळ भरा आणि आख्खं फळ कचऱ्यात टाका. मीठ, साखर, लिंबू घालून तो वापरू नका. खाल्ल्यानंतर उलट्या, जुलाब, पोटात कळ सुरू झाली तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठा. घोसाळी-दोडका अति कडू असेल तरी हाच नियम. कारलं वेगळं, त्याचा कडूपणा दुसऱ्याच द्रव्यांचा आहे.

टोपलीतला दुधी कडू निघाला तर आम्हाला लगेच कळवा. कोणत्या वेलाचा होता ते आम्ही शोधतो आणि तो वेल उपटतो.

५. भाजी आमच्यापर्यंत येताना मलूल होते. ताजी कशी ठेवायची?

तोडणी आम्ही फटफटायला लागलं की सुरू करतो आणि साडेआठ-नऊपर्यंत संपवतो. रात्रभरात झाडाने पाणी ओढून घेतलेलं असतं, फळ टणक आणि गार असतं. दहानंतर तोडलेली भेंडी दुपारपर्यंत वाकते.

तोडलेला माल रानातल्याच विटांच्या हौदात जातो. त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तो विकसित झाला. विटांच्या दोन भिंती, मधे तीन बोटं जागा, तिच्यात नदीची वाळू, वर ओल्या गोणपाटाचं झाकण. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची, विजेची गरज नाही. ऐन दुपारी आत हात घातला की बाहेरच्यापेक्षा दहा-बारा अंश तरी कमी असल्याचं जाणवतं, आणि ओलावा इतका की मिरचीचे देठ दुसऱ्या दिवशीही हिरवेगार असतात.

घरी आल्यावर भेंडी आणि गवार धुऊ नका, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. पालेभाजीची जुडी सोडा, मुळं कापा, ओल्या फडक्यात ठेवा. काकडी फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात. तांबडा भोपळा आणि कांदा फ्रिजबाहेर.

६. उन्हाळ्यात पाणी किती द्यायचं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि 'रोज दोन तास ठिबक' असं उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. हिशेब समजून घ्या, मग आपल्या रानाला लावा.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर, तेव्हा गुंठ्याला एक मिलिमीटर म्हणजे साधारण शंभर लिटर. भर वाढीतल्या भाजीला मे महिन्यात दिवसाला ६ मिलिमीटरच्या आसपास धरा, म्हणजे गुंठ्याला रोज सहाशे लिटर. आता ठिबक. लॅटरलमध्ये, म्हणजे ठिबकच्या नळ्यांमध्ये, दीड मीटर अंतर आणि नळीवर दर ४० सेंटिमीटरला ताशी दोन लिटरचा ड्रिपर (पाणी ठिबकवणारं तोंड) असेल, तर गुंठ्यात सुमारे १७० ड्रिपर बसतात आणि तासाला ३४० लिटर पाणी पडतं. सहाशे लिटरला पावणेदोन तास लागतील. रोपं लहान असताना याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. चांगलं आच्छादन असेल (प्रश्न ८) तर आम्ही भर वाढीतही सव्वा तासावर थांबतो.

हा झाला कागदावरचा हिशेब. शेवटचं खरं मातीचं. ड्रिपरपासून वीतभर बाजूला चार बोटं खोल उकरा आणि मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर फुटला, तर वाफसा आहे, आज पाणी नको. गोळाच झाला नाही तर द्या. हाताला चिखल लागला तर तुम्ही जास्त देताय, आणि मुळं गुदमरून झाड पिवळं पडेल. उन्हाळ्यात पाण्यावाचून मेलेल्या झाडांइतकीच जास्त पाण्याने मेलेली झाडं आम्ही इतरांच्या बागांत पाहिली आहेत.

वेळ पहाटेची उत्तम. दुपारी काळ्या नळीत उभं राहिलेलं पाणी इतकं तापतं की सुरुवातीचं पाणी कोवळ्या रोपाच्या मुळाशी सोडणं धोक्याचं. दिवसा वीज असेल त्या आठवड्यात सकाळी, रात्रीची असेल तेव्हा पहाटे. आमच्या भागातले सगळेच शेतकरी हे वेळापत्रक पाहून झोपतात आणि उठतात.

७. दुपारी वेल माना टाकतो. तेव्हाच पाणी घालावं का?

आधी मातीत हात घाला. दुधी, दोडका, भोपळा यांची पानं मोठी असतात. भर दुपारी पानांतून जितकं पाणी उडतं तितकं मुळं पुरवू शकत नाहीत, म्हणून माती ओली असतानाही पानं लोंबतात. उन्हं कलल्यावर तासाभरात वेल पुन्हा ताठ झाला, तर त्याला काही झालेलं नाही. संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही मान खालीच असेल, तर मात्र पाणी कमी आहे किंवा मुळाला रोग किंवा सूत्रकृमी (मातीतला सूक्ष्म जंत) लागला आहे. एक रोप उपटून मुळावर गाठी आहेत का पाहा.

दुपारी पानावर पाणी पडलं की थेंबांतून ऊन एकवटून पान जळतं, असं बरेच जण कळवतात. भेंडी-काकडीच्या पानावर तसं घडत नाही. दुपारी पाणी न देण्याचं कारण एवढंच की बरंच पाणी हवेत जातं.

८. आच्छादन कशाचं करू? त्यात वाळवी आणि साप येतात म्हणे.

जे तुमच्या शिवारात फुकट पडलेलं असतं त्याचं. आमच्याकडे उसाचं पाचट आणि गव्हाचं काड. मावळ-मुळशीत भाताचा पेंढा, मराठवाड्यात सोयाबीनचं भुसकट. थर तीन-चार इंच हवा, विरळ पसरलेल्याचा उपयोग नाही. एकाच ओळीत अर्ध्या भागावर पाचट टाका आणि अर्धा उघडा ठेवा, मग दुपारी तीन वाजता दोन्हीकडे तळहात टेकवा. त्यानंतर कोणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

वाळवी कोरड्या काडाला लागते. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, आच्छादन ठिबकने ओलसर राहू द्या, खाली निंबोळी पेंड मिसळा. सापांची भीती रास्त आहे. उन्हाळ्यात बेडूक-उंदरांच्या मागे ते ओल्या, गार जागेत येतातच, आणि घोणस पाचटात दिसत नाही. पाचटात उघडा हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं, पायात बूट, आणि अंधारात बॅटरीशिवाय पाणी धरायला जायचं नाही. दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं, मांत्रिक यांत वेळ न घालवता १०८ ला फोन करा आणि सरकारी रुग्णालय गाठा.

९. वेलाला फुलंच फुलं आहेत, फळ एकही नाही. काय चुकतंय?

बहुतेक वेळा काहीच चुकत नसतं. भोपळावर्गातल्या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात, आणि नर आधी. मोठे दिवस आणि उष्णता यांमुळे नरफुलांचं प्रमाण आणखी वाढतं. फुलाच्या मागे बारीकसं फळ दिसलं तर ती मादी. नुसताच देठ असेल तर नर. पहिले दोन आठवडे नुसती नरफुलं गळताना दिसली तर थांबा.

मादीफुलं येऊनही पिवळी पडून गळत असतील, तर परागीभवन होत नाही. इथे वेळ माहीत असावी लागते. काकडी, कारलं, भोपळा आणि घोसाळी पहाटे-सकाळी उमलतात, त्यांचं काम मधमाश्या करतात. दुधी, पडवळ आणि दोडका संध्याकाळी. मे महिन्यात साडेपाच-सहाला दोडक्याच्या मांडवाखाली उभं राहा. दुपारभर मिटलेल्या कळ्या एकामागून एक उघडतात, हिरवा मांडव अर्ध्या तासात पिवळा होतो, आणि अंधार पडू लागला की पतंग भिरभिरू लागतात. संबंध उन्हाळ्यात रानातली मला सर्वांत आवडणारी वेळ ही.

गच्चीवर, चौथ्या-पाचव्या मजल्यावर पतंग किंवा माश्या पुरेशा येत नाहीत. तिथे ताजं नरफूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. दुधी-दोडक्याला हे संध्याकाळी करायचं, सकाळी केलेलं वाया जातं. आणि फुलं उमलण्याच्या वेळी कसलीही फवारणी नको, निंबोळी अर्काचीही नको.

१०. औषध न मारता फळमाशी कशी आवरता?

डंख मारलेलं फळ वाकडं होतं, आत अळ्या होतात आणि ते सडतं. आमचा पहिला उपाय वेचणीचा. डंखलेलं प्रत्येक फळ रोज गोळा करायचं आणि जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवायचं, किंवा दोन फूट खोल पुरायचं. बांधावर फेकलं तर अळ्या मातीत कोष करतात आणि नवी पिढी बाहेर पडते.

दुसरा उपाय क्यूल्यूर या आमिषाचे सापळे. त्यांत फक्त नर अडकतात, म्हणून ते पहिलं फूल दिसायच्या आत लावायचे आणि शेजाऱ्यांनीही लावले तर गुण चांगला येतो. आंब्याच्या फळमाशीचं आमिष वेगळं असतं, मिथाइल युजेनॉलचं. दुकानात वेलवर्गीय भाजीचं हवं असं स्पष्ट सांगा.

११. भेंडीची पानं जाळीदार पिवळी झालीत, वांग्याची तांबूस झालीत. दोन्हींना निंबोळी अर्क मारू का?

दोन वेगळी दुखणी आहेत. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो विषाणू, गावात हळद्या म्हणतात. तो पांढरी माशी पसरवते. लागलेलं झाड बरं होत नाही, ते उपटून पुरा, आणि उरलेल्या झाडांसाठी पिवळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क. परभणी क्रांती ही जात याच रोगाला तोंड देण्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढली, पण हल्ली तिच्यावरही हळद्या दिसतो.

वांग्याचं पान तांबूस, धुळकट आणि खाली बारीक जाळं असेल तर लाल कोळी. कोरडी, तापलेली हवा त्याला मानवते. सकाळी पानाच्या खालच्या बाजूने पाण्याचा जोरदार फवारा लागोपाठ काही दिवस मारला तर बराच आटोक्यात येतो. पाण्यात मिसळणारं गंधक सेंद्रिय शेतीत चालतं, पण पारा पस्तिशीकडे असताना मारलं तर पानं भाजतात, आणि काकडीवर्गीय वेलांना ते मुळातच सोसत नाही.

पाच टक्के निंबोळी अर्क म्हणजे पाच किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात, सोबत थोडा साबण. उन्हाने त्याचा गुण जातो, म्हणून फवारणी संध्याकाळीच. तेव्हा उमलणारे दुधी, दोडका, पडवळ त्यातून वगळा (प्रश्न ९).

१२. उन्हाळ्यात जीवामृत लवकर खराब होतं का?

हे आंबवलेलं द्रवखत उन्हाळ्यात लवकर तयार होतं आणि लवकर उतरतं. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. पिंप सावलीत, तोंडावर गोणपाट, दिवसातून दोनदा ढवळायचं. थंडीत तीन-चार दिवस लागतात, मे महिन्यात दोन दिवसांत आंबूस वास येतो. आठवड्याच्या आत संपवा. सडका वास सुटला तर कंपोस्टच्या ढिगावर ओता. आणि कोरड्या मातीवर देऊ नका, आधी पाणी, मग जीवामृत.

१३. शेडनेट सगळ्यावर घालू का?

नको. पालेभाज्या आणि रोपवाटिका यांना ५० टक्क्यांची हिरवी नेट उपयोगाची. भेंडी, गवार, चवळी, भोपळे यांना पूर्ण ऊन हवं. नेटखाली ती नुसती उंच वाढतात.

१४. तुमच्याकडे सेंद्रियचं प्रमाणपत्र आहे का?

आमचा गट पीजीएस-इंडिया पद्धतीत आहे. त्यात एका परिसरातले शेतकरी एकमेकांची रानं तपासतात आणि गट मिळून जबाबदारी घेतो. दुसरी पद्धत एनपीओपी, म्हणजे केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, तिच्यात बाहेरची मान्यताप्राप्त संस्था तपासणी करते आणि निर्यातीला तीच लागते. रासायनिक शेती सोडल्यावर हंगामी पिकांना साधारण दोन वर्षांचा रूपांतरकाळ जावा लागतो, फळबागांना तीन.

लहान उत्पादकाने स्वतःचा माल थेट ग्राहकाला विकला तर २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांत प्रमाणपत्रातून सूट आहे, पण मग सेंद्रियचं अधिकृत चिन्ह लावता येत नाही. तेव्हा प्रमाणपत्र नाही म्हणजे फसवणूक, असं समजू नका. शेतावर जा, खताचा खड्डा पाहा, मे महिन्यात फ्लॉवर कुठून आला ते विचारा.

१५. संकरित बियाणं लावलं तर ते सेंद्रिय राहतं का?

राहतं, बियाण्यावर रासायनिक औषध चोळलेलं नसेल तर. पाकिटातलं बी लाल-गुलाबी-निळं दिसलं तर ते घेऊ नका. जनुकीय बदल केलेलं बियाणं मात्र पूर्ण बाद. बीटी वांग्याच्या लागवडीला आपल्या देशात २०१० पासून स्थगिती आहे. आम्ही हिमांगी काकडी, पुसा नवबहार गवार आणि मांजरी गोटा वांगं यांचं बी घरीच धरतो.

१६. शेजारच्या रानातली फवारणी वाऱ्याने तुमच्याकडे आली तर?

येते. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो, तेव्हा विशेष. त्या बांधाला शेवरी आणि गिरिपुष्पाचं दाट कुंपण आहे, त्याच्या आत नेपियर गवताचा पट्टा. शेजारी फवारणीच्या आदल्या दिवशी फोन करतात, तो आमचा सर्वांत मोठा आधार. तरीही तुषार आले तर त्या कडेच्या ओळींचा माल टोपलीत जात नाही, वहीत नोंद होते आणि गटाला कळवलं जातं.

टँकरच्या पाण्याबद्दलही विचारणा होते. पाणी कोणत्या विहिरीतून भरलं हे माहीत असेल तरच आम्ही घेतो. सांडपाण्याच्या ओढ्यालगतच्या विहिरीचं घेत नाही. मे अखेरीस विहीर तळाला गेली की पाण्यातले क्षारही वाढतात, आणि ते पहिल्यांदा घेवडा-मिरचीच्या पानांच्या कडांवर दिसतात.

१७. पाणी पुरणार नाही असं दिसलं तर कोणतं पीक आधी सोडायचं?

हा निर्णय विहीर आटल्यावर घेतला तर सगळंच जातं. पाण्याची पातळी आम्ही दोरीला गाठी मारून दर आठवड्याला मोजतो. एप्रिलच्या मध्याला ती ठरलेल्या गाठीखाली गेली की यादी सुरू होते.

आधी जाते शेवटच्या तोड्यावर आलेली काकडी. मग नेटखालची कोथिंबीर. मग दुधी, कारण तो पाणी फार ओढतो आणि आठवड्याचा ताण बसला की फळं कडवट व्हायची भीती असते (प्रश्न ४). अळूचे कंद काढून ओलसर वाळूत ठेवले की पावसात पुन्हा लावता येतात. वांगी आणि मिरची उपटायची नाहीत. गुडघ्याएवढी छाटायची, बुडाला जाड पाचट घालायचं आणि चार-पाच दिवसांआड थोडं पाणी. पाऊस पडला की नवे फुटवे येतात आणि लागणीचा खर्च वाचतो. गवार शेवटपर्यंत ठेवा. तिचं मूळ खोल जातं, शेंगा कमी येतील पण येतील. शेवग्याची काळजी करू नका.

टोपली घेणाऱ्यांना आम्ही हे त्याच आठवड्यात कळवतो, टोपली लहान करतो आणि पैसेही त्या मानाने कमी घेतो.

१८. मुलांना घेऊन शेत पाहायला मे महिन्यात येऊ का?

या, पण सकाळी सहाला. अकरा ते चार आम्हीही रानात नसतो. तोडणी, न्याहारी, निवडणं, मग विश्रांती, आणि चारनंतर भांगलण आणि मांडवाची कामं. कामावर असलेल्या मावश्यांसाठी आंबील आणि ताकाचा माठ भरलेला असतो, तो तुमच्यासाठीही आहे. भेंडी तोडायची असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, लव टोचते आणि हाताला खाज सुटते. उन्हात कोणी बरळायला लागलं किंवा अंग तापूनही घाम थांबला, तर तो उष्माघात. सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखान्यात न्या.

१९. वळवाचा पाऊस भाजीला चांगला की वाईट?

जमिनीला चांगला, उभ्या भाजीला बहुधा वाईट. वादळाने मांडव आडवा होतो, गारांनी काकडी-टोमॅटो फुटतात, ओल्या उकाड्यात रोग वाढतात. पाऊस उघडला की मोडलेले शेंडे आणि फुटलेली फळं त्याच दिवशी काढून टाका. ओली माती तुडवू नका, वाफसा येऊ द्या.

विजांकडे मात्र आधी लक्ष द्या. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या विजेची सूचना देतं. गडगडाट ऐकू आला की झाडाखाली, मांडवाच्या तारेजवळ, विहिरीवर थांबायचं नाही. तोडलेला माल भिजला तर भिजू द्या.

२०. रिकाम्या वाफ्यांत मे महिन्यात काय करता?

खोल नांगरट करून ढेकळं तापू देतो, किडींचे कोष उन्हाने आणि पक्ष्यांनी संपतात. रोपवाटिकेच्या वाफ्यांना भरपूर पाणी देऊन त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिक पसरायचं आणि कडा मातीने बुजवून चार ते सहा आठवडे ठेवायचं. आतली माती इतकी तापते की तणाचं बी, बुरशी आणि सूत्रकृमी मोठ्या प्रमाणात मरतात. वर्षभरात हे फक्त याच महिन्यांत जमतं. रोहिणी नक्षत्र लागलं की पावसाळी वांगी-मिरचीचं बी नेटखाली पडतं.

२१. मृगाचा पाऊस झाला की टोपली लगेच भरेल ना?

नाही. उलट जूनचा दुसरा पंधरवडा ते जुलैचा मध्य हा वर्षातला सर्वांत रिकामा काळ. उन्हाळी वेल पावसाच्या माऱ्याने संपतात आणि पावसाळी पिकं अजून लहान असतात. राजगिरा-तांदुळजाला पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवस, काकडीला चाळीस-पंचेचाळीस, भेंडीला पंचेचाळीस-पन्नास आणि दोडक्याला दोन महिने लागतात. या काळात टोपलीत साठवलेला कांदा, तांबडा भोपळा, छाटलेल्या झाडांची वांगी आणि बांधावर उगवणारा टाकळा, कुरडू, पाथरी येईल. कुरडू कोवळा असतानाच घ्यायचा असतो, त्यामुळे त्या आठवड्यांत टोपलीचा वार एखाद-दुसऱ्या दिवसाने मागेपुढे होईल. आदल्या संध्याकाळी तसा निरोप येईल.